रविवारी काय केलं, हे इंग्रजीत सांगताना

सोलापूरच्या पूर्व भागातली कित्येक मुलं घरी तेलुगू बोलतात, गल्लीत मराठी आणि दुकानात गरजेपुरती हिंदी. कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या उर्दू. एका भाषेतून दुसरीत शिरायला त्यांना विचार करावा लागत नाही. तीच मुलं वर्गात ‘व्हॉट डिड यू डू ऑन संडे?’ ऐकलं की मान खाली घालतात. तेव्हा भाषेचं डोकंच नाही, हे निदान तरी कुणी करू नये.

बोलताना आधी आशय ठरतो, मग शब्द आणि रचना जुळते, मग उच्चार होतो. भाषाशास्त्रज्ञ विलेम लेव्हेल्ट यांनी 1989 मध्ये मांडलेला हा आराखडा आहे. मराठीत पुढचे दोन टप्पे आपसूक पार पडतात. इंग्रजीत ‘मी आईबरोबर बाजारात गेलो’ म्हणायचं, तर शेवटचं क्रियापद उचलून कर्त्याशेजारी आणायचं, आईच्या मागचं ‘बरोबर’ तिच्या पुढे न्यायचं, ‘गो’चं ‘वेंट’ करायचं. हे सगळं एकाच वेळी डोक्यात धरायचं, आणि तिथे जागा फार थोडी असते. त्यातली बरीच ‘पोरं हसतील’ या धास्तीनेच व्यापली, की तोंडून येतं, ‘आय मदर विथ मार्केट गो.’ हेच वाक्य वहीत बरोबर येतं, कारण तिथे घाई नसते.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: थांबणं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात, असं शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत आढळलं होतं. तो वेळ तीन सेकंदांवर नेला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली. मनात तीन अंक मोजावेत. तेवढ्यात दुसऱ्या हुशार पोराला उठवू नये.

चूक सुधारायची ती वाक्य संपल्यावर, आणि एका वेळी एकच. ‘येस, यू वेंट’ असं बरोबर रूप नुसतं ऐकवलं, तर मुलाला ती शाबासकी वाटते. कॅनडातल्या वर्गांच्या 1997 च्या अभ्यासात शिक्षक हीच रीत सर्वाधिक वापरताना दिसले, आणि तिच्यानंतर मुलांनी चूक दुरुस्त करण्याचं प्रमाण सर्वांत कमी होतं. त्याऐवजी ‘गो, ऑर वेंट?’ असं विचारावं. निवड त्याला करू द्यावी.

सरावासाठी मुलांच्या जोड्या लावाव्यात, एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. एकच विषय तीनदा बोलायला लावावा, दर खेपेला कमी वेळात. मूळ पद्धत चार, तीन, दोन मिनिटांची आहे. पाचवी-सहावीला साठ, पंचेचाळीस, तीस सेकंद पुरेत. विषय ओळखीचा हवा, सोलापूरची गड्ड्याची जत्रा चालेल. आशय तोच राहिल्याने सगळं लक्ष रचनेकडे वळतं. ऐकणारा मात्र दर वेळी नवा हवा, नाहीतर दोघंही कंटाळतात. अर्धा वर्ग एकदम बोलत असल्याने गलका होतो, पण त्यातच लाजऱ्या मुलाला आडोसा मिळतो. आधी लिहून आणायला मात्र सांगू नये. पाठांतर सुरू होतं आणि मधला एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं.