पिल्लाचे ‘पेपर’ आले कुठून?

कुत्र्याचं पिल्लू घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “पेपर आहेत का?” ब्रीडर केनेल क्लबचं, म्हणजे कुत्र्यांच्या वंशाची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचं, प्रमाणपत्र पुढे करतो. त्यावर आईबाप, आजेआजोबा, पणजोबांची लांबलचक नावं असतात, एखाद्या नावामागे ‘चॅम्पियन’ लागलेलं असतं आणि तेवढ्यावर व्यवहार ठरतो. पण ती नावं वाचायची कशी, हे फार थोडे जण विचारतात. ते समजायचं तर हा कागद मुळात कशासाठी निघाला, तिथपर्यंत मागे जावं लागतं.

वंशावळीच्या वहीचा पहिला मान घोड्यांचा. इंग्लंडमध्ये शर्यतीच्या घोड्यांचं ‘जनरल स्टड बुक’ १७९१ साली निघालं, शॉर्टहॉर्न गुरांची वही १८२२ साली. कुत्र्यांची पाळी बऱ्याच उशिरा आली. जून १८५९ मध्ये न्यूकॅसलला पॉइंटर आणि सेटर या दोन शिकारी जातींचं प्रदर्शन भरलं. साठेक कुत्री आली होती, बक्षीस म्हणून बंदुका होत्या. पॉइंटरमध्ये पहिला आला सेटरच्या परीक्षकाचा कुत्रा, तर सेटरमध्ये पॉइंटरच्या परीक्षकाचा. अशी प्रदर्शनं झपाट्याने वाढली, तशी कोणीतरी नियम घालून देण्याची गरजही वाढली. १८७३ मध्ये सेवॅलिस शर्ली आणि त्यांच्या सोबत्यांनी लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन केला. पुढच्याच वर्षी निघालेल्या त्यांच्या पहिल्या स्टड बुकात १८५९ पासूनच्या प्रदर्शनांतले निकाल आणि चार हजारांवर कुत्र्यांच्या नोंदी होत्या.

तेव्हाची मोठी अडचण नावांची होती. एकाच नावाचे कितीतरी कुत्रे, त्यामुळे अमुक पिल्लू नेमक्या कोणत्या ‘बॉब’चं, हे कळायला मार्ग नसे. म्हणून १८८० पासून नावनोंदणी सुरू झाली: एक नाव, एक कुत्रा. आजच्या पेपरवर पैदास करणाऱ्याच्या केनेलच्या नावासकट दिसणाऱ्या लांबलचक नावांमागे हीच गरज आहे. म्हणजे हा कागद जन्मला तो ओळख पटवण्यासाठी. कुत्रा निरोगी आहे की नाही, हे सांगणं त्याचं काम कधी नव्हतंच.

आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या जर्मन शेफर्डचं उदाहरण घ्या. एप्रिल १८९९ मध्ये माक्स फॉन श्टेफानिट्स या माजी घोडदळ अधिकाऱ्याने कार्ल्सरूहेच्या प्रदर्शनात एक मेंढपाळी कुत्रा पाहिला आणि तिथल्या तिथे विकत घेतला. त्याचं नाव होरांड फॉन ग्राफ्राथ ठेवलं, जातीची संघटना काढली आणि तिच्या वहीत पहिला क्रमांक होरांडला दिला. श्टेफानिट्सला काम करणारा कुत्रा हवा होता आणि त्याची नजर पक्की होती, याबद्दल मला आदरच आहे. पण होरांड, त्याचा भाऊ लुख्स आणि मुलगा हेक्टर यांचा वापर इतका झाला की जातीचा पायाच मोजक्या कुत्र्यांवर उभा राहिला. पुढे १९२५ मध्ये क्लोडो फॉन बॉक्सबर्गला विजेता निवडून श्टेफानिट्सने जातीचा वाढत चाललेला आकार आवरला, आणि पुन्हा सगळे त्याच एका नराकडे वळले. विजेता नर सर्वांनाच हवा असतो. बऱ्याच जातींत ब्लडलाइनची, म्हणजे वंशरेषेची, गोष्ट अशीच घडली.

जवळच्या नात्यातल्या जोड्यांमुळे पिल्लात येणारं अंतःप्रजननाचं प्रमाण, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता, मोजायचं सूत्र अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ सूअल राइट यांनी १९२२ मध्ये मांडलं. एरवी नातं नसलेल्या कुळातल्या सख्ख्या बहीण-भावंडांच्या पिल्लांत ते २५ टक्के येतं, सावत्र भावंडांच्या १२.५, चुलत-मावस भावंडांच्या ६.२५. सूत्र हाताशी असूनही इंग्लंडच्या केनेल क्लबने बाप-मुलगी, आई-मुलगा आणि सख्ख्या भावंडांच्या पिल्लांची नोंद बंद केली ती २००९ मध्ये. आदल्या वर्षी बीबीसीवरच्या एका माहितीपटाने रान उठवलं होतं.

बंद वहीची, म्हणजे जातीबाहेरचं रक्त न घेण्याची, किंमत डाल्मेशियनने मोजली. या जातीतल्या सगळ्याच कुत्र्यांच्या लघवीत युरिक अ‍ॅसिड जास्त असायचं. त्यातून मुतखडे होत आणि नरांची लघवीच तुंबायची. शुद्ध रक्तात निर्दोष जनुक उरलाच नव्हता, त्यामुळे निवड करणार तरी कशातून? १९७३ मध्ये रॉबर्ट शायबल यांनी एकदाच पॉइंटरशी संकर केला आणि पुढची प्रत्येक पिढी पुन्हा डाल्मेशियनशी जोडली. पाचव्या पिढीत पॉइंटरचा वाटा जेमतेम तीन टक्के उरला, निरोगी जनुक मात्र टिकला. अमेरिकन केनेल क्लबने १९८१ मध्ये अशा दोन पिल्लांची नोंद केली. जातीच्या क्लबातून विरोध झाला आणि दार बंद झालं. ते पुन्हा उघडलं २०११ मध्ये. मधली तीस वर्षं कागदाची शुद्धता कुत्र्याच्या वेदनेपेक्षा मोठी ठरली, हे मला आजही पटत नाही.

खुब्याच्या सांध्यातल्या आनुवंशिक दोषाचीही हीच गत. उद्योगपती जॉन ओलिन यांच्याकडे नामांकित लॅब्रेडॉर होते, तरी त्यांची कुत्री लंगडू लागली. त्यातून १९६६ मध्ये ‘ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर अ‍ॅनिमल्स’ उभी राहिली आणि एक्स-रेवरून सांध्याला श्रेणी द्यायची पद्धत अमेरिकेत रुळली.

आपल्या भागात कागदाविना जपलेलं रक्तही आहे. सोलापूर-लातूरकडचे कारवान आणि सीमेपलीकडच्या मुधोळचे शिकारी कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या निवडले गेले ते सशामागे किती पळतात, हे पाहून. मुधोळच्या घोरपडे राजांनी त्यांची पैदास जाणीवपूर्वक केली आणि इंग्लंडच्या पंचम जॉर्जना एक जोडी भेटही दिली.

आता पेपर हातात आला की काय पाहायचं? तीन पिढ्यांत १४ नावं असतात, पाच पिढ्यांत ६२. बापाच्या आणि आईच्या बाजूला तेच नाव पुन्हा येतंय का, ते आधी बोट ठेवून शोधा. ‘चॅम्पियन’ हा प्रदर्शनाचा निकाल असतो, त्यामुळे आईबापांच्या खुब्याचे एक्स-रे वेगळे मागा. मायक्रोचिपचा क्रमांक कागदाशी ताडून घ्या. आणि पिल्लांची आई समोर आणायला सांगा, कारण स्वभाव कुठल्याच रकान्यात लिहिलेला नसतो.