पाखरातलं ‘रू’

उन्हाळा सरता सरता सपरीच्या आढ्यातल्या घरट्यातून साळुंकीचं एखादं पिल्लू हमखास खाली येतं. पिसं भरलेली, शेपूट अर्धीच, तोंडाच्या दोन्ही कडांना पिवळीधमक किनार. लेकरू उचलायला धावतं आणि आजी हटकते, “राऊ दे त्याले, त्याची माय बसली हाय लिंबावर.” आजीचं बरोबर असतं. पिल्लू पडलेलं नसतं, उडायला शिकत असतं.

या अवस्थेला इंग्रजीत ‘फ्लेजलिंग’ म्हणतात. ‘फ्लेज’ म्हणजे उडण्याजोगं होणं, आणि ‘लिंग’ ही लहानपण दाखवणारी शेपटी, ‘डकलिंग’मध्ये असते तीच. नवख्या माणसाला आणि नव्या धंद्यालाही तिकडे हाच शब्द लावतात. मराठी बातम्यांत त्याचं ‘नवजात’ होतं, ते मला खटकतं. नवजात म्हणजे डोळे मिटलेलं. याला तर पंख फुटलेत.

शेपटी मराठीतही आहे, ती म्हणजे ‘रू’. वासरू, कोकरू, शिंगरू, लेकरू, पाखरू. ‘वत्सरूप’चं वासरू झालं, ‘पक्षिरूप’चं पाखरू. रूप म्हणजे मुळात नुसता आकार. ‘गोरूप’वरून आलेली गुरं काही लहान नसतात. पण बाकीच्या शब्दांत ही शेपटी लाडाची झाली, आणि सगळी नपुंसकलिंगी. ‘ते लेकरू’ म्हटलं की मुलगा की मुलगी हा प्रश्नच मागे पडतो. पुढे पाखरू कोणत्याही पक्ष्याला म्हणू लागले आणि लहानपण दाखवायला ‘पिल्लू’ जोडावं लागलं. हे पिल्लू दक्षिणेकडचं नातेवाईक दिसतं. गडचिरोलीत सिरोंच्याकडे गेलं की तेलुगूत लेकरालाही ‘पिल्ला’ म्हणतात आणि कोंबडीच्या पिलाला ‘कोडिपिल्ला’.

शिकाऊ माणसाला पाखराची उपमा जुनीच आहे. ज्ञानेश्वरी 1290 सालची. तिच्या अठराव्या अध्यायात ज्ञानदेव स्वतःचा नवखेपणा सांगताना पंख फुटलेल्या पाखराकडे बोट दाखवतात: गरुड ज्या आभाळात झेपावतो, त्याच आभाळात तेही उडू पाहतं. पंख फुटणं तिथे नम्रतेचं होतं. आज गावात “लेकराले पंख फुटले” असं कोणी म्हणालं, तर समजावं की पोरगं नागपूर-पुण्याला गेलंय आणि फोन करत नाही. त्याच दोन शब्दांची तक्रार कधी झाली कोण जाणे.

संस्कृतानं आणखी एक गंमत करून ठेवलीय. ‘द्विज’ म्हणजे दोनदा जन्मलेला: आधी अंडं आणि मग पिल्लू म्हणून पक्षी द्विज, मुंज झालेला बटूही द्विज, आणि दुधाचे पडून पुन्हा येतात म्हणून दातही द्विज. बटूचा अर्थ पोथीत राहिला. दातांचा मात्र आमच्या बैलबाजारात रोज कामाला येतो, शब्द कोणाला माहीत नसला तरी. गिऱ्हाईक आधी गोऱ्ह्याचा खालचा ओठ दाबून तोंड उघडतं. नुसते दुधाचे दात असतील तर तो आदत, म्हणजे औताला कच्चा. साधारण दोन वर्षांनंतर समोरचे दोन पक्के दात आले की दोन दाती. मग त्याला म्हाताऱ्या, सरावलेल्या बैलासोबत जुंपतात. मान कधी खाली घालायची, वळणावर कुठे थांबायचं, हे तो म्हातारा शिकवतो. धुऱ्यावरचा माणूस फक्त ओरडतो.

ज्या पोरांच्या हाती अजून खरा कासरा देता येत नाही, त्यांच्यासाठी विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी तो 1806 साली सुरू केल्याचं सांगतात. तान्हा म्हणजे अंगावर पिणारा. चाकं लावलेला लाकडी नंदी, त्याच्या गळ्यात झेंडूची माळ, दोरी ओढणारं चड्डीतलं लेकरू, आणि दारोदार बक्षिसाची एकच मागणी: “बोजारा द्या!”