बायनरी सर्च ट्री तपासताना आजोबांनाही विचारा

बायनरी ट्री, म्हणजे आकड्यांची झाडासारखी रचना, दिला आहे; त्यातल्या प्रत्येक नोडला (आकडा ठेवायच्या जागेला) खाली जास्तीत जास्त दोन मुलं, डावं आणि उजवं. तो सर्च ट्री आहे का ते ओळखा. प्रोग्रामिंगच्या मुलाखतीत नेहमी येणारा हा प्रश्न सोपा दिसतो, म्हणूनच घाईत चुकतो.

नियम असा: नोडच्या डावीकडचा प्रत्येक आकडा त्याच्याहून लहान हवा आणि उजवीकडचा प्रत्येक मोठा. यातला ‘प्रत्येक’ नजरेतून सुटला की कोड फक्त दोन मुलांशी तुलना करून मोकळा होतो.

रूटला, म्हणजे सगळ्यात वरच्या नोडला, ५० घ्या, डावीकडे ३०, उजवीकडे ७०. मग ७० च्या डावीकडे ४० आणि उजवीकडे ८० लावा. ४० हा ७० हून लहान, ८० मोठा. बाप-लेकाची जोडी पाहिली तर सगळं ठीक. पण हा ४० बसलाय आजोबांच्या, म्हणजे ५० च्या, उजव्या बाजूला. आता तो शोधून पाहा. ४० लहान म्हणून शोध ५० पासून डावीकडे वळतो, ३० पाशी येतो, तिथून उजवीकडे जायचं तर काहीच नाही. आकडा ट्रीत असूनही ‘सापडला नाही’ असं उत्तर मिळतं!

म्हणून खाली उतरताना प्रत्येक नोडसोबत हद्द पाठवायची. रूटला हद्द नाही. डावीकडे जाताना वरची हद्द म्हणजे आताचा आकडा, उजवीकडे जाताना खालची. ७० ला मिळतं ‘५० च्या वर’, त्याच्या डाव्या मुलाला ‘५० ते ७० च्या मध्ये’. ४० तिथेच पकडला जातो. प्रत्येक नोड जास्तीत जास्त एकदाच पाहिला जातो.

इथेही एक खड्डा आहे. ‘हद्द नाही’ म्हणून ३२ बिटी पूर्णांकाची टोकं, −२१४७४८३६४८ आणि २१४७४८३६४७, घेतली आणि नोडमध्ये नेमका तोच आकडा आला, तर बरोबर ट्रीही नापास होतो. सुरुवातीला हद्द रिकामी, म्हणजे नल ठेवणं उत्तम.

दुसरी वाट इनऑर्डरची, म्हणजे आकडे या क्रमाने वाचायचे: डावा भाग, स्वतः, उजवा भाग. सर्च ट्री असेल तर ते चढत्या क्रमानेच येतात. वरच्या ट्रीत ३०, ५०, ४०, ७०, ८० असा क्रम येतो. ५० नंतर ४० दिसला की थांबा. पूर्ण यादी साठवायची गरज नाही, मागचा एक आकडा पुरतो. तुलना करताना ‘समान चालेल’ असं लिहू नका. प्रश्नात वेगळं म्हटलं नसेल तर दोन सारखे आकडे म्हणजे ट्री नापास.

आकडे चढत्या क्रमाने ट्रीत घालत गेलो तर तो एकाच बाजूला साखळीसारखा लांबतो. वरच्या दोन्ही वाटा सहसा रिकर्शनने, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावून, लिहितात. पायथनमध्ये रिकर्शनची मर्यादा मुळात १००० असते, त्यामुळे त्याहून लांब साखळीवर अचूक कोडही कोसळतो. तिथे स्वतःचा स्टॅक, म्हणजे अजून पाहायच्या नोडांची यादी, ठेवून लूप लिहावा.