वाटी धरणं वेगळं, वाटी धुंडाळणं वेगळं

आमचा पोऱ्या ३२ आठवड्यांचाच जन्मला, म्हणजे ८ आठवडे आधी, महिनाभर जळगावला पेटीत होता आणि अमळनेरला घरी आणल्यावर भेटायला येणारी प्रत्येक आजी एकच विचारायची, "आठ महिना व्हयनात ना वं, अजून बसत नही?" तेव्हा काय बोलावं सुचायचं नाही. आता सांगते. पूर्ण दिवसांच्या ४० आठवड्यांना जेवढे आठवडे कमी पडले तेवढे वयातून वजा करायचे, डॉक्टर त्याला करेक्टेड वय म्हणतात, म्हणजे आमचा आठ महिन्यांचा पोऱ्या खरं तर सहाचा, आणि सहाव्या महिन्यात बाळ आधाराशिवाय बसलं नाही तर घाबरायचं कशाला. साधारण २ वर्षांपर्यंत हा हिशोब लावतात. (लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच, तिथे वजाबाकी नको.)

पण हिशोब जुळला, बाळाने वाटी पकडली की आपण निर्धास्त होतो आणि गल्लत इथेच होते. पकडणं म्हणजे फक्त धरणं. धुंडाळणं त्याच्या पुढचं आहे, वाटी फिरवून तळ बघायचा, काठावरून बोट फिरवायचं, तोंडात घालून परत काढून न्याहाळायची, या हातातून त्या हातात घ्यायची, फरशीवर आपटायची मग गोधडीवर आपटायची आणि आता आवाज का नाही आला म्हणून थबकायचं. बाळाचं शिकणं हेच.

कमी दिवसांच्या बाळांमध्ये, विशेषतः २८ आठवड्यांच्याही आधी झालेल्यांमध्ये, करेक्टेड वय धरूनसुद्धा हे धुंडाळणं कमी दिसतं असं अभ्यासांत आढळलंय. सगळ्यांचं तसं होतं असं नाही. कारण आळस नाही की बुद्धी कमी असंही नाही. पोटात शेवटचे आठवडे बाळ गुडी मारून, म्हणजे अंग मुडपून असतं, हात तोंडाजवळ. ते आठवडे अशा बाळाला मिळालेच नाहीत, अंगात ताकद कमी आणि सपाट पाठीवर पडून राहिल्याने खांदे मागे जातात, मग दोन्ही हात छातीवर एकत्र येत नाहीत, आणि एका हाताने वाटी फिरवणार कशी? शिवाय ही बाळं दमतातही लवकर.

म्हणून मांडीवर टेकून बसवा, दोन्ही हात पुढे येतील असं. जागं असताना आपल्या नजरेसमोर थोडा वेळ पालथं. एका वेळी एकच वस्तू, हलकी वाटी नाहीतर लाकडी चमचा, आणि मग थांबा, हे सगळ्यात अवघड जातं कारण आपल्याकडे घरातले चौघं एकदम खुळखुळा वाजवतात. बाळाने तोंड फिरवलं तर त्याला आवडलं नाही असं नसतं, बऱ्याचदा त्याला दोन मिनिटं विश्रांती हवी असते.

करेक्टेड ४ महिन्यांनंतरही मुठी कायम घट्ट असतील, किंवा वर्षाच्या आत एकच हात वापरत असेल तर "डावरा होईल" म्हणून सोडून देऊ नका, बाळाच्या डॉक्टरांना दाखवा. सिव्हिलला गेलात तर डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, कुठे आहे ते विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तिथली तपासणी मोफत असते. आणि जाताना घरच्या खेळण्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या, कारण ओपीडीत बाळ नुसतं रडतं, वाटीला हातही लावत नाही.