तापलेल्या नळीत पेट्रोल ओढायचं की ढकलायचं?

मे महिन्यात इंदूरच्या विमानतळावर दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. नुकतंच उतरलेलं प्रशिक्षण विमान अर्धा तास उन्हात उभं राहिलं, की काउलिंगखाली, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाखाली, कोंडलेली उष्णता इंधनाच्या नळ्यांत शिरते. अशा वेळी बूस्ट पंप, म्हणजे विजेवर चालणारा जोडपंप, कधी लावायचा आणि कधी बंद करायचा हे पायलटला पक्कं ठाऊक हवं.

सेस्ना 172 या छोट्या विमानाच्या टाक्या इंजिनाच्या वर, पंखांत असतात. कार्ब्युरेटरवाल्या मॉडेलमध्ये पेट्रोल आपल्या वजनानेच खाली येतं, पंप लागत नाही. पायपर आर्चर या विमानाचे पंख मात्र खाली असतात. तिथे इंजिनावरचा पडद्याचा पंप पेट्रोल वर ओढतो. ओढताना नळीतला दाब घटतो आणि कमी दाबाला पेट्रोल लवकर उकळतं. विमानाच्या पेट्रोलचा बाष्पदाब 38 अंश सेल्सिअसला 38 ते 49 किलोपास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या निम्म्याच्या आसपास. नळी आणखी तापली, गाळणी थोडी तुंबली, की बुडबुडे धरतात. मग पंप नुसती वाफ दाबत-सोडत राहतो आणि इंजिन उपाशी राहतं. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. विहिरीच्या काठावरची मोटर आणि पाण्यात सोडलेली सबमर्सिबल यांत जो फरक, तोच इथेही: बूस्ट पंप टाकीच्या जितका जवळ, तितकी जास्त नळी दाबाखाली. तो फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीपाशी, बसवलेला असेल, तर टाकीपासून तिथपर्यंत ओढच राहते.

आर्चरमध्ये इंजिन सुरू करण्याआधी पंप लावून दाबाचा काटा चढतो का ते बघावं. इंजिन लागल्यावर पंप बंद करावा आणि काटा पुन्हा बघावा, तो 0.5 ते 8 पीएसआयमध्ये राहिला, तर इंजिनावरचा पंप ठीक आहे. ही तपासणी कधीही टाळू नये. पंप सतत चालूच ठेवला, तर फाटलेला पडदा लपून राहतो. टेकऑफ आणि लँडिंगला पंप चालू. टाकी बदलताना आधी पंप, मग सिलेक्टर, म्हणजे टाकी निवडायचा खटका. काटा स्थिरावला की पंप बंद, आणि त्यानंतरही थोडा वेळ नजर काट्यावरच.

हा नियम सरसकट सगळ्या विमानांना लावणं धोक्याचं आहे. कॉन्टिनेंटल कंपनीच्या अनेक इंजेक्शन इंजिनांत (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारणाऱ्या) इंजिनावरचा मुख्य पंप धडधाकट असताना बूस्ट पंप ‘हाय’वर, म्हणजे जास्त जोरावर, टाकला, तर मिश्रणात पेट्रोल जास्त होऊन इंजिन बंदही पडू शकतं. ‘हाय’ मुख्यतः मुख्य पंप निकामी झाल्यावर वापरायचा असतो. याच इंजिनांत टाकीकडे परतीची नळी असते. तिचा गरम इंजिन सुरू करताना मोठा उपयोग होतो: मिक्स्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा दांडा) पूर्ण बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, पंप 30 ते 60 सेकंद, वाफ टाकीत परत जाते आणि थंड पेट्रोल नळीत येतं. स्टार्टर फिरवण्याआधी थ्रॉटल मागे घ्यायलाच हवा.

रोटॅक्स 912 या हलक्या विमानांच्या इंजिनाला मोटारीचं पेट्रोल चालतं, पण इथेनॉल 10 टक्क्यांपर्यंतच. रस्त्यावरच्या पंपांवर आता 20 टक्क्यांचं मिश्रण मिळतं. ते टाकीत गेलं, तर कोणताही बूस्ट पंप ती चूक सावरू शकत नाही.