मोंती फेस्त

मंगळूर आणि आसपासच्या दक्षिण कन्नड भागातील कोकणी बोलणाऱ्या कॅथलिक ख्रिस्ती समाजाचा नव्या धान्याचा सण. येशूची आई मरिया हिचा जन्मदिवस म्हणून कॅथलिक पंचांगात ८ सप्टेंबर ही तारीख ठरलेली आहे आणि मोंतीही त्याच दिवशी येते. मरियेचा वाढदिवस आणि पिकाबद्दल देवाचे आभार अशी दोन्ही कारणे एकत्र आल्यामुळे हा दिवस चर्चइतकाच, किंबहुना त्याहून थोडा जास्तच, स्वयंपाकघराचा असतो.

सणाची तयारी ३० ऑगस्टपासून सुरू होते. नऊ दिवस मुले टोपल्यांतून, ताटांतून फुले घेऊन चर्चमध्ये जातात आणि बाळ मरियेच्या मूर्तीवर उधळतात. पावसाळ्याचे दिवस असल्याने परसातले, कुंपणावरचे, वाटेवरचे, मिळेल ते फूल चालते. आठ तारखेला धर्मगुरू भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद देतात, त्या मिरवणुकीने चर्चमध्ये येतात आणि मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेनंतर, घरटी वाटल्या जातात. फुले आणणाऱ्या पोरांच्या हाती उसाचे कांडे पडते. मिस्सा संपण्याची त्यांना घाई असते ती बहुधा त्यासाठीच.

पुढचा भाग घरचा. आणलेली लोंबी देव्हाऱ्यापाशी, म्हणजे आल्तारावर, ठेवतात. सगळे जमल्यावर प्रार्थना होते. मग लोंबीतले दाणे सोलून कुटतात आणि दुधात किंवा गूळ घातलेल्या नारळाच्या रसात मिसळतात. घरातले वडीलधारे माणूस ते प्रत्येकाला थोडे थोडे देते. हे ‘नवें’ पोटात गेल्याशिवाय जेवणाला हात लावायचा नसतो. घरापासून दूर असलेल्यांनाही यातून वगळत नाहीत. मुंबईत किंवा आखाती देशांत नोकरी करणाऱ्या मुलांना आशीर्वादित दाणे पाकिटात घालून टपालाने पाठवण्याची चाल आहे. ते पोचले की तिकडे बिऱ्हाडात नाहीतर खोलीवर दुधात घालून घेतले जातात.

जेवण केळीच्या पानावर आणि पूर्ण शाकाहारी. मंगळुरी ख्रिस्ती घरात लग्न असो वा नाताळ, डुकराच्या मांसाच्या बाफातावाचून पंगत सहसा उठत नाही. मासळी तर रोजचीच. त्या घरात हा एक दिवस भाज्यांचा असतो, आणि भाज्यांची संख्या विषम हवी: तीन, पाच, सात, जमल्यास नऊ. भेंडी, घोसाळी, काकडी, आंबाडे घालून केलेले कारले, अळूच्या पानांचे आणि माठाच्या देठांचे आंबट कालवण असे पदार्थ पानात येतात. श्रावण-भाद्रपदात परसात जे पिकते तेच पानावर, हे त्यामागचे साधे गणित. शेवटी गूळ आणि नारळाच्या रसातली खीर.

परंपरेनुसार सणाचे आजचे रूप गोव्याहून आलेल्या जोआकिम मिरांडा या धर्मगुरूने १७६३ च्या सुमारास नेत्रावतीकाठच्या फरंगीपेट येथील मोंती मारियानो या टेकडीवरच्या चर्चमध्ये सुरू केले. सणाचे नावही त्या टेकडीवरूनच आलेले. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने या समाजाला पकडून श्रीरंगपट्टणला नेले. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर जे परतले त्यांनी घरे, शेते आणि सण पुन्हा उभे केले.

तरी नवे धान्य आधी देवाला आणि मग घराला, ही रीत मिरांडांच्या कितीतरी आधीची असणार. मंगळूरचे बहुतेक कॅथलिक सोळाव्या ते अठराव्या शतकांत गोव्याहून स्थलांतरित झालेल्यांचे वंशज. धर्म बदलला तरी शेत आणि पाऊस तेच राहिले. तुळुनाडूतले, म्हणजे तुळू बोलणाऱ्या मंगळूर भागातले, हिंदू शेतकरीही नव्या तांदळाचे जेवण करतात. कोकणात कोजागरीला नवान्न पौर्णिमा म्हणतात, आणि भाताच्या लोंब्यांचे ‘नवे’ दाराला बांधायची पद्धत रायगड-रत्नागिरीच्या वाचकांना सांगायला नको.

ख्रिस्ती समाजातही हा सण एकट्या मंगळूरचा नाही. गोव्यात कणसांचे फेस्त ऑगस्टमध्येच होते. गावागणिक त्याची तारीख वेगळी, ताळगावात २१ ऑगस्ट. मुंबई, साष्टी, वसई भागातले, घरी मराठीची बोली बोलणारे ईस्ट इंडियन ख्रिस्ती ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ करतात. तिथे मात्र दिवस शाकाहारी ठेवायचे बंधन नाही. वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा आठ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते. तीही मरियेच्या जन्मदिनाचीच. पण तिथला भर नवसावर आणि मेणबत्त्यांवर असतो, तांदळावर नाही. त्यामुळे मुंबईतली मंगळुरी कुटुंबे मोत माउलीला गेली तरी आपली मोंती आठ तारखेलाच घरी करतात. आठ तारीख कामाच्या दिवशी आली तर पंगत दुपारऐवजी रात्री बसते.