कचरा उचलला, पण खालच्या मातीचं काय?

आजकाल सगळीकडे बायोमायनिंग चालू आहे, म्हणजे जुना कचऱ्याचा डोंगर उकरायचा, मोठ्या फिरत्या चाळणीतून काढायचा, प्लॅस्टिक वेगळं, दगड-विटा वेगळ्या, आणि खाली जी बारीक काळपट माती पडते ती वेगळी. डोंगर गेला की आपण म्हणतो जागा मोकळी झाली. पण खरी काळजी त्या चाळणीखालच्या मातीची आणि त्याच्याही खालच्या जमिनीची करायला हवी, आणि तिथेच आपण कमी पडतोय असं मला अगदी मनापासून वाटतं.

मुंबईचं देवनार डम्पिंग १९२७ पासूनचं. इतकी वर्षं ओला-सुका, बॅटऱ्या, रंगाचे डबे, ट्यूबलाइट, सगळं एकाच ढिगात. ओला कचरा कुजला की आधी ॲसिड तयार होतं, त्यात बॅटऱ्यांमधलं शिसं, कॅडमियम, निकेल विरघळतं आणि पावसाचं पाणी ते घेऊन खाली उतरतं. हेच ते चहाच्या चोथ्यासारखं काळं, उग्र वासाचं लिचेट. पुढे ढिगात मिथेन बनायला लागला की आंबटपणा कमी होतो, बरेचसे धातू सल्फाइड होऊन, म्हणजे गंधकाशी जोडले जाऊन पाण्यात न विरघळणारे बनून, तिथेच अडकतात. अमोनिया मात्र पुढची कित्येक दशकं झिरपत राहतो. आणि आता गंमत नाही तर धोका बघा, तोच जुना ढीग उकरला की आत हवा जाते, सल्फाइडचं ऑक्सिडेशन होतं आणि अडकलेले धातू परत सुटू शकतात.

आपली काळी माती चिकणमातीची, ती शिसं घट्ट धरून ठेवते, त्यामुळे ते वरच्या थरातच राहतं. कॅडमियम तसं नाही, माती थोडी आंबट झाली की ते पाण्याबरोबर सरकतं आणि पिकांच्या मुळांनाही लवकर मिळतं. पालक, माठ अशा पालेभाज्या ते पानांत साठवतात. आणि मातीखाली आपला बेसॉल्ट, म्हणजे काळा कातळ, त्याच्या भेगांमधून लिचेट कुठून निघून कुणाच्या विहिरीत जाईल हे वरून बघून सांगताच येत नाही. पुण्याजवळ उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी विहिरींचं पाणी खराब झालं म्हणून वर्षानुवर्षं आंदोलनं केली, कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, ते उगाच नाही.

धातू जास्त करून बारीक कणांनाच चिकटतात, म्हणजे चाळणीखालची माती दिसायला एकदम खतासारखी पण शेतात टाकायच्या आधी तिची लॅब टेस्ट झालीच पाहिजे, आणि फक्त वरची मूठभर नाही, मोकळ्या झालेल्या जागेत वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने घेऊन. मोहरीसारखी काही झाडं मातीतले धातू ओढून घेतात, हा उपाय खरा आहे पण फार सावकाश, आणि कापलेली मोहरी गुरांना घालायची नाही, तिचीही वेगळी विल्हेवाट लावावी लागते.